थांबा, कूलर बंद करतो

अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी फोन वाजला की रिसीव्हर उचलायचा आणि लगेच बाजूला ठेवायचा. कारण कूलर बंद केल्याशिवाय पलीकडचं अक्षरही ऐकू येत नाही. जठारपेठेतल्या आमच्या घरात फोन बैठकीत, दिवाणाच्या उशाशी होता आणि कूलर त्याच बैठकीच्या खिडकीत. पत्र्याचा, होळीनंतर नवं गवत भरलेला, खोलीभर ओल्या वाळ्याचा वास सोडणारा. पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की तो दिवसरात्र चाले. त्याच्या आवाजाची आम्हाला इतकी सवय होती की वीज गेली की झोपलेली माणसं दचकून उठत.

बाबा रिसीव्हरमध्ये ओरडत, "थांबा हं, कूलर बंद करतो!" मग उठत. पंख्याचं बटन वेगळं, पंपाचं वेगळं. पंखा गरगरत थांबायला त्याचा वेळ घेई आणि पंप बंद झाल्यावरही गवतातून पाणी टपटपत राही. तेवढ्यात बाबांना माठ दिसे, आणि माठ दिसला की तहान लागे. गडूभर पाणी पिऊन, गमछ्याने तोंड पुसून ते परत दिवाणावर टेकत आणि म्हणत, "हां, बोला. कोण बोलून राहिले?" नातेवाइकांना हे सगळं पाठ होतं. पुण्याची आत्या तर "आधी कूलर बंद कर, मी परत लावते" म्हणून एसटीडीचे पैसे वाचवायची. पण पुढे अनोळखी पोरापोरींचे फोन यायला लागले. क्रेडिट कार्ड घ्या, कर्ज घ्या, विमा घ्या, महाबळेश्वरला तीन दिवस फुकट राहा. त्यांना बिचाऱ्यांना कूलरची काय कल्पना? निम्मे जण पंखा थांबायच्या आतच फोन ठेवून देत. बाबा परत येऊन मुक्या रिसीव्हरकडे पाहत आणि मनापासून हळहळत, "काहीतरी महत्त्वाचं असेल हो."

बाबांचं हे नकळत होई. पण आमच्या घरात असे नको असलेले निरोप जाणूनबुजून, बैठक मारून, रस घेऊन हाताळणारी माणसं होती. त्यांच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

तशी ही ब्याद फोनपेक्षा जुनी. आमच्या गल्लीत ती आधी पोस्टमनच्या पिशवीतून आली. १९७५ साली 'जय संतोषी माँ' सिनेमा आला आणि पुढे कित्येक वर्षं संतोषीमातेच्या नावाची पोस्टकार्डं घरोघर येत राहिली. पाठवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. हे पत्र मिळताच अशीच अकरा पत्रं लिहा, अमक्याने लिहिली त्याला लॉटरी लागली, तमक्याने फाडून टाकलं तर त्याच्या दुकानाला आग लागली. पोस्टकार्ड तेव्हा पंधरा पैशांना. अकरा कार्डांचे एक रुपया पासष्ट पैसे, आणि आजोबांच्या लेखी देवीच्या कोपापेक्षा ही रक्कम मोठी होती. आजोबा शाळामास्तर. ते चष्मा लावत, लाल शाईचं पेन काढत आणि पत्रातले ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करत. खाली शेरा मारत: "अक्षर बरे. विचार कच्चा. १० पैकी ३." मग ते कार्ड विजेच्या बिलांच्या तारेच्या आकड्याला अडकवलं जाई. आजीचा जीव मात्र खालीवर होई. तिने तिच्यापुरती तोड काढली होती. आजोबा शाळेत गेले की ती कार्ड आकड्यावरून काढायची, त्याला हळदकुंकू वाहायची आणि निर्माल्याबरोबर मोर्णा नदीत सोडायला द्यायची. देवीचा मान राहिला, पैसेही वाचले.

दुसरा प्रकार व्ही.पी.चा. हिंदी मासिकांत चौकट छापून यायची. आकडे असे भरा की उभी, आडवी, तिरपी कशीही बेरीज केली तरी सारखीच यावी, बक्षीस ट्रान्झिस्टर. आमच्या माडीवर उमरीच्या बाजूचा एक विद्यार्थी भाड्याने राहायचा, त्याने ती भरून पाठवली. "अभिनंदन" असं पत्र आलं, फक्त पॅकिंग आणि टपालखर्च व्ही.पी.ने, म्हणजे पार्सल हातात पडताना पोस्टमनकडे, भरायचा होता. पार्सल आलं त्या दिवशी ओट्यावर ही गर्दी. खोक्यात गवत, गवतात वर्तमानपत्र, वर्तमानपत्रात रेडिओच्या आकाराचा प्लॅस्टिकचा डबा, आणि डब्यात काहीच नाही. पोरगा रडवेला झाला. आजोबा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "गणित बरोबर होतं बेटा. हिशेब चुकला."

त्याच काळी भिंतींवर आणि वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यांत अंगावरच्या पांढऱ्या डागांवर हमखास औषधाच्या जाहिराती असत आणि पत्ता असे बिहारमधल्या कतरीसरायचा. नालंदा जिल्ह्यातलं हे छोटं गाव टपालाने औषध विकण्यासाठी देशभर ठाऊक होतं. आता त्याच गावाचं नाव ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्यांत वाचते तेव्हा आजोबांची लाल शाई आठवते. टपाल गेलं, मोबाइल आला, पिनकोड काही बदलला नाही.

पण या सगळ्याचे खरे नायक मोठे बाबा. बाबांचे थोरले भाऊ, महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. जठारपेठ म्हणजे तशी नोकरदारांची आणि निवृत्तांची वस्ती. सकाळी बिर्ला मंदिरापर्यंत फेरी, संध्याकाळी चौकातल्या गाड्यांवर भाजी, मधल्या वेळात पेपर आणि पेन्शन. मोठ्या बाबांचं एवढ्यावर भागेना. चौतीस-पस्तीस वर्षं समोर अर्जदारांची रांग पाहिलेला माणूस, त्याला रिकामं टेबल सोसवेना. आणि निवृत्तीनंतर दोन-अडीच वर्षांत हे फोन सुरू झाले. अर्जदार स्वतःहून घरी यायला लागले म्हणा ना!

त्यांनी फोनशेजारी एक लांब वही ठेवली. पानावर पट्टीने रकाने आखले. आवक क्रमांक, दिनांक, अर्जदाराचे नाव, विषय, शेरा. फोन आला की चष्मा, मग पेन, मग वही. तोवर समोरच्याला धरून ठेवायचं. आवाज शेवटपर्यंत मऊ. एक संभाषण माझ्या समोरचं आहे, कारण मी पलीकडच्या खुर्चीवर अभ्यासाचं पुस्तक तोंडासमोर धरून हसू दाबत होते.

"सर, आपका क्रेडिट कार्ड प्री-अप्रूव्ड हो गया है."

"अच्छा. किसने अप्रूव किया?"

"सर, बँक ने."

"बँक तो इमारत है. अधिकारी कौन? नाम और पदनाम बोलो, मैं लिख के लेता हूँ."

"सर, वो सिस्टम से होता है."

"उसके उपर सही किसकी है?"

"जी सर, एकदम सही है."

"वैसा नहीं रे बाप्पा. दस्तखत, दस्तखत!"

मग त्यांनी त्या मुलाला कार्यपद्धती समजावून सांगितली. साध्या कागदावर अर्ज करायचा, कोर्ट फी तिकीट लावायचं, अर्ज आवक होईल, त्यावर टिपणी तयार होईल, टिपणी साहेबांकडे जाईल. साहेबांनी मान्यता दिली तर कार्ड घ्यायचा विचार करता येईल.

"साहब कब मिलेंगे सर?"

मोठ्या बाबांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतून फोडणीचा आवाज येत होता. "साहेब अभी वरण को फोडणी दे रहे हैं."

वहीत शेरा पडला: "त्रुटीपूर्ततेसाठी परत."

हे सगळं ते कुचेष्टेने करत नसत. शेजारचे एक काका फोनवर शिव्या घालत, त्यांना मोठे बाबा ओट्यावर बसवून सांगत, "आपन त्याईले कायले ओरडाव? ते पोटासाठी करून राह्यले. त्याले 'राहू द्या' म्हनता येत नाई, अन् आपल्याले 'हो' म्हनता येत नाई. मंग राह्यलं काय? चर्चा!" शेजारच्या काकांना चर्चेत रस नव्हता. त्यांच्याकडे मोबाइल होता आणि सुरुवातीच्या काळात, म्हणजे २००३ च्या मे महिन्यात नियम बदलेपर्यंत, आलेला फोन घ्यायलाही पैसे पडत. दुसऱ्याचं कर्ज नाकारायला आपलेच पैसे जात असतील तर माणूस शिव्या घालणारच. हे मोठे बाबाही मान्य करत. म्हणूनच त्यांनी स्वतः मोबाइल फार उशिरा घेतला.

आजीची तऱ्हा अगदीच वेगळी. तिला चकवायचं-बिकवायचं काही नसे. फोन करणारी मुलगी ही दारात आलेली मुलगी, एवढंच तिला कळे. एप्रिलमधला एक दिवस. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून, वरचं पाणी निवळून टाकून कुरड्यांचा चीक शिजायला चुलीवर चढलेला. मागच्या अंगणात तीन विटांची चूल, तिच्यावर पितळी पातेलं, आणि आजी दोन्ही हातांनी लाकडी चाटू फिरवते आहे. चीक आधी पांढरा दुधासारखा असतो, मग एकदम घट्ट व्हायला लागतो आणि हळूहळू काचेसारखी झाक धरतो. त्या मधल्या वेळात हात थांबला की गाठी झाल्याच, आणि गाठी झाल्या की सोऱ्यातून कुरडई तुटत पडते. नेमका तेव्हा फोन वाजला. आमच्या फोनला लांब वायर होती, मी तो उंबऱ्यापर्यंत ओढून आणला आणि आजीच्या कानाला रिसीव्हर धरून उभी राहिले.

मुलगी मराठी बोलणारी होती. विम्याचं काहीतरी. आजी म्हणाली, "सांग बाई, मी चीक हलवून राह्यली, कान मोकळे आहेत." मुलीने सुरुवात केली. दोन वाक्यांनंतर आजीने विचारलं, "तू कोन्या गावची व?"

"मूर्तिजापूरची, आजी."

"अव माय! इथलीच तं हायेस. चीक येते का करता?"

"आई करते. मले फक्त खाता येते. दूध-साखर घालून."

"हिंग-मिठाचा खाऊन पाय एखाद्या वक्ती."

विम्याचा विषय दहा मिनिटं निघाला नाही. निघाला तेव्हा मुलीने वय विचारलं. आजी म्हणाली, ऐंशीच्या वर असंन. मुलगी खट्टू होऊन म्हणाली, मग आजी या योजनेत तुम्ही बसत नाही. "मंग बस नाई तं नाई," आजी म्हणाली, "तूच ये इकडं चीक खायले." नंतर दोन दिवस कुरड्या गच्चीवर वाळत होत्या आणि आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की मूर्तिजापूरच्या एका पोरीला आईपासून दूर नोकरी करावी लागते.

याची दुसरी बाजू आम्हाला कळली ती आमच्या मागच्या घरातल्या ताईमुळे. ती शिकून पुण्याला गेली आणि कॉल सेंटरमध्ये लागली. दिवाळीला आली की फराळाची ताटं घेऊन आमच्याकडे यायची. मोठ्या बाबांनी तिला त्यांची वही मोठ्या अभिमानाने दाखवली. ती चकली मोडत वाचत होती आणि हसत होती. मग तिने सांगायला सुरुवात केली. नंबर ती लावतच नाही, मशीन लावतं. एक फोन संपला की दुसरा कानात येऊन पडतो. समोर पडद्यावर ठरलेला मजकूर असतो, त्याच्या बाहेर जायचं नाही. प्रत्येक फोनला शेवटी एक खूण द्यायची: वाजला पण उचलला नाही, पुन्हा करा, नको म्हणाले. सगळं रेकॉर्ड होतं आणि वरचा माणूस ते ऐकतो. पाणी प्यायला उठलं तरी त्याची मिनिटं धरली जातात.

मोठे बाबा जरा गप्प झाले. त्यांच्या तहसिलीत पाणी प्यायला उठण्याचा कुणी हिशेब ठेवला नव्हता.

"पण मोठे बाबा," ती म्हणाली, "तुमच्यासारखे दहा भेटले नं, तर माझं टार्गेट बुडालं समजा. तुम्ही गोड बोलता, पण घेत तर काही नाही. नको असेल तर पहिल्याच वाक्यात नको म्हणा अन् ठेवून द्या. तेच मोठं पुण्य."

"अन् शिव्या देतात लोक?"

"देतात नं. बायकांना तर विचारू नका."

"मंग त्याच्यापेक्षा मी बरा."

"बरेच आहात. पण 'नको' त्याहून बरं."

मोठ्या बाबांनी त्यावर अनारसा संपेपर्यंत विचार केला. माझ्या मते त्यांच्या निवृत्त आयुष्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा धोरणात्मक निर्णय असावा. वहीत एक रकाना वाढला: "टार्गेट." फोन आला की ते आधी विचारत, "बेटा, आज का टार्गेट हुआ?" नाही म्हणालं तर "तो मेरे पे टाइम मत घालवो, मुझे नहीं चाहिए, दूसरे को लगाओ, तुम्हारा कल्याण हो," म्हणून फोन ठेवत. झालं म्हणालं, की मग चष्मा, पेन, वही आणि पुढची सगळी कार्यपद्धती. काही मुलं हसायची. एका मुलाने तर संध्याकाळी टार्गेट झाल्यावर मुद्दाम परत फोन केला होता. त्याचा आवक क्रमांक नवा न देता जुन्याच नस्तीला जोडला गेला.

२००७ मध्ये नको असलेल्या फोनांसाठी सरकारी नोंदवही निघाली. दूरसंचार नियामकाने आपला नंबर तिथे नोंदवायची सोय केली, म्हणजे फोन येणार नाहीत. फोन यायचे ते आलेच. मग २०११ च्या सप्टेंबरपासून नवे नियम आले. विक्रीचे फोन करणाऱ्यांना १४० ने सुरू होणारे क्रमांक, रात्री नऊ ते सकाळी नऊ फोन बंद, आणि १९०९ वर आपली आवड-निवड कळवायची. बँक-विमा, घरं-जमिनी, शिक्षण, आरोग्य, वस्तू आणि गाड्या, मनोरंजन, पर्यटन असे सात गट. पाहिजे ते ठेवा, नको ते बंद करा, किंवा सगळंच बंद. तक्रार करायची तर तेव्हा तीन दिवसांच्या आत, फोन करणाऱ्याचा नंबर, तारीख आणि विषय देऊन. अख्ख्या जठारपेठेत हा तपशील तयार असलेला माणूस एकच होता. शेजारचे काका तक्रारीसाठी मोठ्या बाबांची वही मागायला आले तेव्हा मोठ्या बाबांच्या चेहऱ्यावर जे समाधान मी पाहिलं ते त्यांच्या सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभातही नव्हतं. स्वतःचा नंबर मात्र त्यांनी नोंदवला नाही. त्यांची बायको, म्हणजे आमची मोठी आई, म्हणायची, "ह्याईले फोन बंद झाले तं दुपारी काय करतील? पोरगा अमेरिकेत, तो रैवारी बोलते."

त्या अमेरिकेतल्या दादामुळेच ई-मेल आमच्या घरात आला. घरात म्हणजे चौकाजवळच्या सायबर कॅफेत. चपला बाहेर काढायच्या, प्लायवूडच्या खोपटात एका खुर्चीवर दोघांनी बसायचं आणि तासाचे पैसे मोजायचे. टाइप मी करायचे, मजकूर मोठे बाबा सांगायचे. खातं उघडल्यावर पहिलं पत्र दादाचं आलं. दुसरं आलं नायजेरियातून.

नायजेरियाचे लष्करशहा सानी अबाचा १९९८ मध्ये वारले. त्यानंतर त्यांच्या विधवा पत्नीच्या नावाने भामट्यांनी जगभर जी पत्रं सोडली त्यांना गणती नाही. नवऱ्याने ठेवलेले कोट्यवधी डॉलर अडकले आहेत, तुमच्या खात्यातून बाहेर काढायला मदत करा, तुम्हाला वाटा देऊ. गोष्ट तशी जुनीच. एकोणिसाव्या शतकात युरोपात हीच गोष्ट स्पेनच्या तुरुंगातल्या श्रीमंत कैद्याच्या नावाने टपालाने फिरत होती. पण मोठ्या बाबांना त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी पत्राची छापील प्रत काढली, घरी आणली आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. मोठी आई म्हणाली, "बिचारी. पन एवढ्या दुनियेत आपल्यालेच कावून लिहिलं?" मोठे बाबा म्हणाले, "विश्वास."

दुसऱ्या दिवशी उत्तर गेलं. मी ते इंग्रजीत टाइप केलं, पण त्याचा आत्मा शासकीय मराठी होता. जनरलसाहेबांच्या निधनाचं वाचून अतीव दुःख झालं. तेरवी यथासांग पार पडली असेल अशी आशा आहे. पार पडली नसल्यास व्यवहाराचं बोलणं प्रशस्त नाही. तेरवी झाली का, हे कळवावं.

तेरवी या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द काही मला सुचेना, तो तसाच गेला.

बाईंचं उत्तर तत्परतेने आलं. तेरवीचा उल्लेख नव्हता, बँकेचा खाते क्रमांक मागितला होता. मोठ्या बाबांनी दुसरं पत्र सांगितलं. रक्कम वडिलार्जित की स्वकष्टार्जित? सर्व वारसांची नावं, वयं, नाती कळवावीत; कुणी अज्ञान असल्यास पालनकर्ता कोण ते नमूद करावं. दिरांचं संमतीपत्र आहे का? मुलींचं हक्कसोडपत्र? मौजा, तालुका आणि जिल्हा कळवल्यास तिथल्या तलाठ्याकडून फेरफाराची नक्कल मागवता येईल. पुन्हा उत्तर आलं, जरा तुटक. घाई करा, पैसे जप्त होतील. तिसऱ्या पत्रात मोठ्या बाबांनी मुद्द्याला हात घातला. आमच्याकडे शेतीच्या कापसाचा चुकारा मागच्या हंगामापासून थकला आहे. आपली एवढी मोठमोठ्या अधिकाऱ्यांशी ओळख आहे, तर तो आधी मोकळा करून द्यावा. त्याच खात्यात मागाहून आपले कोट्यवधी डॉलर ठेवून घेऊ, जागा आहे.

यावर आलेलं उत्तर एका ओळीचं होतं. "आर यू सीरियस?"

वहीत नोंद झाली: "अर्जदार कागदपत्रे सादर करण्यास असमर्थ. प्रकरण नस्तीबंद."

हा उद्योग पुढे जगात पुष्कळांनी केला. जेम्स व्हीच नावाच्या ब्रिटिश विनोदवीराने अशा पत्रांना उत्तरं देऊन त्याचा कार्यक्रम केला, तो लाखोंनी पाहिला. इंटरनेटवर 'लेनी' नावाचा एक रेकॉर्ड केलेला म्हातारा आहे. विक्रीचा फोन त्याच्याकडे वळवला की तो जरा ऐकू कमी येतं म्हणतो, मुलीबद्दल सांगतो, बदकांचा गोंधळ ऐकवतो आणि विकणारा पलीकडे घाम गाळत राहतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमधल्या ओटू कंपनीने तर कृत्रिम बुद्धिमत्तेची आजीच तयार केली. डेझी तिचं नाव. ती भामट्यांशी विणकामावर बोलत बसते आणि त्यांचा वेळ खाते. आमच्या आजीला ते जमलं नसतं. तिने डेझीच्या भामट्याला जेवायला बोलावलं असतं.

आणि ई-मेलमधल्या या ब्यादेचा उगम पाहायला गेलं तर १९७८ च्या मे महिन्यात सापडतो. गॅरी थुर्क नावाच्या एका विक्री अधिकाऱ्याने अमेरिकेतल्या अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, आपल्या संगणकांची जाहिरात सुमारे चारशे जणांना एकदम पाठवली. लोक भडकले, पण संगणक खपले. संगणक खपले नसते तर पुढचं बरंच टळलं असतं, असं मला वाटतं. तेव्हा आमच्याकडे संतोषीमातेची कार्डं चालू होती. म्हणजे अकोला फार मागे नव्हतं.

आता मात्र अशा पत्राला गंमत म्हणून उत्तर देऊ नये, मी तर देत नाही. उत्तर गेलं की हा पत्ता जिवंत आहे एवढं त्यांना कळतं आणि मग पूर येतो. फोनचंही तेच. तेव्हा फोन करणारं पोरगं कार्ड विकत होतं. आता पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओवर "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात" असं सांगणारे आहेत. असली अटक कायद्यात कुठेच नाही, हे २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांना 'मन की बात'मध्ये सांगावं लागलं. मग बराच काळ कुणालाही फोन लावा, आधी अमिताभ बच्चनचा आवाज सावध करायचा. लोक त्यालाही वैतागले. बँका आणि विम्याच्या कामाच्या फोनांसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक आले, फसवणूक झालीच तर तक्रारीला १९३० आहे.

हे सगळं मोठ्या आईला पाठ नाही. तिला मागच्या वर्षी असा एक फोन आला होता. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. ती म्हणाली, "बसा मंग तुम्ही, मी पोलीस ठाण्यातच येते. रामदासपेठचं का सिव्हिल लाइनचं? रिक्षावाल्याले सांगा लागते." तो ओरडायला लागला की लगेच, आत्ताच्या आत्ता. ती म्हणाली, "लगेच कसं होईन बाप्पा? आज नळ आले." आमच्याकडे नळ काही रोज येत नाहीत. महानच्या धरणातून आलेलं पाणी भरून घेण्यापेक्षा कुठलीही अटक मोठी असू शकते हे तिच्या डोक्यातच शिरलं नाही. तिने फोन ठेवला आणि नळाखाली बादली लावली. भामट्याला हवी असते घाई, आणि तिने अव्वल कारकुनाबरोबर पन्नास वर्षं संसार केलेला.

मोठे बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली. कंपन्यांच्या याद्यांना ते माहीत नाही. त्यांच्या नावाने अजूनही कर्ज मंजूर होतं, सणासुदीला तर दिवसाआड. गेल्या दिवाळीत मी अकोल्यात होते. मोठी आई चकल्या तळत होती, फोन मी लाऊडस्पीकरवर धरला. पलीकडच्या मुलाने मोठ्या बाबांचं नाव घेऊन विचारलं.

"वो नहीं हैं."

"कब तक आएँगे मॅडम?"

"अब नहीं आते. गुजर गए."

पलीकडे थोडा वेळ नुसताच इतर पोरापोरींच्या बोलण्याचा कलकलाट ऐकू आला. मग तो म्हणाला, "सॉरी मॅडम. तो आप अपने नाम से ले लीजिए ना. फेस्टिव्हल ऑफर है."

मोठ्या आईने झारा कढईच्या काठावर टेकवला. "कायके लिए लेना? तेरवी तो हो गई बेटा."

मुलाला काही कळलं नसावं. तो चिकाटीने व्याजाचा दर सांगायला लागला. तिने तो पूर्ण ऐकून घेतला आणि विचारलं, "आज का टार्गेट हुआ क्या तुम्हारा?"

"नहीं हुआ मॅडम."

"तो फिर ठेवो जल्दी. हमारे पे टाइम मत घालवो."